पाच नोव्हेंबरला लुइसला जायचं का? (मशाली, डांबराची पिंपं आणि 'कृपया येऊ नका')

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. दर दिवाळीनंतर इथे कुणीतरी विचारतंच की इंग्लंडात आहोत, ती बॉनफायर नाइट (पाच नोव्हेंबरची शेकोटीची रात्र) कुठे बघू. दोन वर्षांपूर्वी मी पण विचारलं होतं, त्यावर दोन उत्तरं आली. एक 'लंडन आयला जा' (ते थर्टीफर्स्टला असतं हो काका) आणि दुसरं 'यूट्यूबवर बघ'. म्हणून आता इंग्लंडातल्या लुइस गावाला जाऊन आल्यावर स्वतःच धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६०५ साली काही कॅथलिक मंडळींनी राजा पहिला जेम्स आणि अख्खी पार्लमेंट उडवायचा कट केला, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खाली दारूची ३६ पिंपं नेऊन ठेवली (ती वाली नाही, उडवायची दारू), आणि ४ आणि ५ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री त्यांचा एक माणूस तिथेच सापडला. तो गाय फॉक्स. कटाचा खरा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी, पण नाव राहिलं ते सापडलेल्याचं. राजा वाचला म्हणून त्या रात्री शेकोट्या पेटल्या, पुढे कायदाच करून हा दिवस पाळायला लावला, तो कायदा १८५९ पर्यंत होता. कायदा गेला, शेकोटी राहिली.

त्या शेकोटीत जाळतात त्या पुतळ्याला पण 'गाय'च म्हणतात. मी घरी फोनवर सांगितलं की उद्या इथे गाय जाळतात, आईने फोन बाबांकडे दिला. बाबांना सगळा इतिहास सांगितला तरी शेवटी ते म्हणाले, 'असू दे, पण तू लांबून बघ.'

तर लुइस. ससेक्समधलं छोटं गाव, ब्रायटनपासून तेरा एक किलोमीटर, सतराएक हजार वस्ती. बाकी इंग्लंडात हल्ली पाच तारीख म्हणजे कौन्सिलच्या मैदानात तिकीट काढून अर्धा तास आतषबाजी बघायची, बर्गर खायचा, घरी. लुइसला तसं नाही. तिथे सात बॉनफायर सोसायट्या आहेत. आपली गणपती मंडळं समजा, तशीच ईर्ष्या, तशीच वर्षभराची भांडणं, तसंच 'आमचं मंडळ सगळ्यात जुनं'. क्लिफ आणि बरो या दोन १८५३ च्या. प्रत्येकीचा आडव्या पट्ट्यांचा जर्सी ठरलेला, क्लिफचा काळापांढरा, बरोचा निळापांढरा, कमर्शियल स्क्वेअरचा काळा आणि सोनेरी, असं. मुलांची नेव्हिल सोसायटी आपला कार्यक्रम आधीच उरकते, बाकी सहा पाच तारखेला निघतात. आणि क्लिफवाले बाकीच्यांच्या एकत्र मिरवणुकीत येत नाहीत, त्यांचं वेगळंच. का म्हणून विचारलं तर मावसबहिणीचा नवरा नुसता हसला. तो साउथओव्हरचा.

हो, मावसबहीण तिथे राहते, म्हणून मला जाता आलं. हे महत्त्वाचं आहे, पुढे येतं.

२०२४ ला पाच तारीख मंगळवारी होती. (रविवारी आली तर आदल्या शनिवारी करतात, २०२३ ला तसंच झालं.) मी दोन दिवस आधीच पोचलो होतो. सकाळी बाहेर पडलो तर हायस्ट्रीटवर सगळीकडे ठोकाठोकी, दुकानांच्या काचांवर प्लायवूड मारत होते. मला वाटलं दंगल होणार की काय. बहिणीच्या ओळखीचा एक बेकरीवाला शिडीवर चढून एकटाच धडपडत होता, तर मी खालून फळी धरून उभा राहिलो, त्याने तोंडात खिळे धरूनच थँक्यू म्हटलं. फळीच्या मागच्या बाजूला खडूने साल आणि 'डावी खिडकी' लिहिलेलं होतं. म्हणजे दरवर्षी तीच फळी, तीच खिडकी. आमच्याकडे गणपतीच्या मखराच्या पट्ट्यांवर आजोबांच्या अक्षरात 'उजवीकडून दुसरी' लिहिलेलं आहे, तेच आठवलं. दुपारी दोन-अडीचला गाव बंद. साडेचारला अंधार.

आणि मग काय सांगू. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला माणसं भिंतीला चिकटून, मधून मशाली. शंभर दोनशे नव्हेत, संपतच नाहीत. काठीला गोणपाट गुंडाळून तारेने आवळलेलं, रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवलेलं, हे सगळं सोसायटीची माणसं आधीपासून हाताने करत बसतात. मशाल संपत आली की रस्त्यावरच टाकायची, आणि मागून एक लोखंडी गाडा येतो त्यात त्या उचलून टाकत जातात, तो गाडा स्वतःच एक चालती शेकोटी होतो. तो जवळून गेला तेव्हा मला तोंड फिरवावं लागलं, भिंतीला गाल लावून उभा होतो, आणि भिंत पण गरम. मधे ढोल, बँड, व्हायकिंग, मंगोल, त्यांच्या यादवी युद्धातले सैनिक अशी सोंगं, आणि पायात अचानक फुटणारे 'रुकी', म्हणजे आपले सुतळी बॉम्बचे चुलतभाऊ. लोखंडी चौकटीवर पेटलेलं डांबराचं पिंप साखळीने ओढत पळत येतात तेव्हा आवाज आधी येतो, खडखडाट, मग सगळे ओरडतात आणि मग उजेड. क्लिफवाले एक पेटतं पिंप पुलावरून ऊझ नदीत टाकतात. जुन्या काळी दंग्याचा कायदा वाचून दाखवायला आलेल्या मॅजिस्ट्रेटला नदीत फेकलं त्याची ती आठवण, असं सांगतात.

आणि सतरा जळते क्रूस. हे गाय फॉक्सचं नाही. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १५५५ ते १५५७, कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात या गावात सतरा प्रॉटेस्टंट माणसांना जिवंत जाळलं, त्यातल्या दहा जणांना एकाच दिवशी एकाच आगीत. आज टाउन हॉल आहे तिथेच. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यावर उभे राहून मशाली बघता तोच तो रस्ता. हे बहिणीच्या नवऱ्याने मिरवणुकीच्या आधी चहा पिताना सांगितलं, अगदी सहज, कप धुता धुता.

युद्धस्मारकापाशी मिरवणूक थांबते. पुष्पचक्र ठेवतात, बिगुल वाजतं. इतका वेळ कानठळ्या बसत होत्या आणि एकदम काही नाही, नुसता मशालींचा फरफर आवाज. मी कधी इतक्या आगीत इतकी शांतता ऐकली नव्हती. मिनिटभराने कुणीतरी रुकी टाकला आणि परत सुरू.

मग ज्याच्या त्याच्या मैदानात, म्हणजे फायर साइटवर, शेकोटी आणि पुतळे. दरवर्षी एक मोठा पुतळा असतो, राजकारणी वगैरे, गुप्त ठेवतात, आणि त्यात दारू भरून उडवतात. घरी यायला एक वाजला. नाक शिंकरलं तर काळं.

आता मुद्द्याचं. जायचं का? तर माझं उत्तर: गावात कुणाच्या घरी राहायला जागा असेल तर जा, नाहीतर नको. गाव स्वतःच सांगतं की बाहेरच्यांनी येऊ नका. मी गेलो त्या वर्षी संध्याकाळी पाचनंतर लुइसला गाड्या थांबतच नव्हत्या, आजूबाजूच्या स्टेशनांवर पण नाही, रस्ते बंद, पार्किंग नाही. मला याचा राग आला नाही. आमच्या गावात शिमग्याला पालखी सहाणेवर येते तेव्हा मागची दोन-तीन वर्षं लोक गाड्या घेऊन येतात, रील काढतात, मानकरी गाऱ्हाणं घालत असतो तेव्हा 'जरा इकडे बघा' म्हणतात. त्यामुळे लुइसवाल्यांचं तोंड वाकडं का होतं ते मला बरोब्बर कळलं. फरक एवढाच की त्या रात्री रीलवाला मी होतो.

फोटो नंतर टाकतो, बरेचसे हललेले आहेत.

मोगरा_७

कसलं भारी लिहिलंय! फळीच्या मागे खडूने लिहिलेलं वाचून काटा आला. 'गाय जाळतात' वर हसून हसून पुरेवाट.

चहाटळ

लेख छान पण मला एक कळत नाही, गाव येऊ नका म्हणतंय, तुम्ही पण म्हणताय जाऊ नका, आणि मग दीड हजार शब्दांत इतकं वर्णन केलंय की आता मला जावंसं वाटतंय. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या, किंवा मशाल घ्या)

सड्यावरचा

@चहाटळ, दीड हजार नाहीत हो, मोजले नाहीत पण नाहीत. बाकी पकडलंत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

डेव्हनकर

धन्यवाद धाग्याबद्दल. मी एक्सिटरला सात वर्षं आहे, लुइस बघितलं नाही पण आमच्याकडचं, डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी गावचं तीनदा बघितलंय आणि माझ्या मते ते जास्त वेडं आहे. तिथे पिंपं ओढत नाहीत. खांद्यावर घेतात. पेटलेली.

म्हणजे बघा, लाकडी पिंपाला आतून आधी कित्येक दिवस डांबर पाजून ठेवतात, त्या दिवशी गवत कागद भरून पेटवतात, चांगला जाळ लागला की एक माणूस ते उचलून मानेवर घेतो आणि गर्दीत घुसतो. हो, गर्दीत. कठडा दोरी काही नाही. लोक आपोआप फाटतात, तो गेला की परत मिटतात. दमला की दुसरा घेतो, हातात गोणपाटाचे जाड मोजे, बाकी साधे कपडे. पिंपाचे तुकडे पडायला लागेपर्यंत चालतं. असं एक नाही, सतरा पिंपं (लुइसचे सतरा क्रूस आणि आमची सतरा पिंपं, योगायोग). दुपारी पोरांची छोटी, मग बायकांची, मग पुरुषांची, प्रत्येक पिंप गावातल्या कुठल्या तरी पबसमोर पेटतं, आणि शेवटचं मध्यरात्री चौकात, ते तीस किलोचं असतं. त्यांना 'बॅरल रोलर' म्हणतात, गंमत म्हणजे लोळवत कुणीच नाही.

आणि तिथे पण गावकीचाच मान. ऑटरीत जन्मलेला किंवा आयुष्य तिथे काढलेला असेल तरच पिंप उचलायला मिळतं, घराण्यांमधे चालत आलंय. मी एकाला विचारलं होतं की मला सात वर्षं झाली डेव्हनात, मी कधी उचलू शकेन? म्हणाला, तुझ्या नातवाला विचार.

पण ऑटरीवाले बघायला येऊ देतात. शेतात पार्किंग करतात, पैसे घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुपारीच जावं, पोरांची पिंपं बघावी, नदीकाठची शेकोटी बघावी, आणि मध्यरात्रीचं पिंप मागे राहून बघावं. मी दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून पुढे उभा राहिलो, पाठीमागून लोंढा आला, पाय जमिनीला टेकत नव्हते काही सेकंद. भुवयांचे केस करपले ते वेगळं.

आग्यावेताळ

भुवयांचे केस हा आयडी माझा असता तर बरं झालं असतं.

चहाटळ

मला एक गंभीर प्रश्न आहे. दिवे न घेता. चारशे वर्षांपूर्वीच्या धर्माच्या भांडणावरून अजून पुतळे जाळतात, माझ्या वाचनात आलं की लुइसमधे पोपचा पण पुतळा जाळतात आणि 'नो पोपरी'चा, म्हणजे 'पोपशाही नको'चा फलक असतो. आपल्याकडे असं काही कुणी केलं तर आपणच किती नावं ठेवतो. परदेशात गेलं की तेच 'परंपरा' आणि आपण कौतुकाने मशालीचे फोटो काढतो? तिथल्या कॅथलिकांना काय वाटत असेल?

सड्यावरचा

@चहाटळ, हा प्रश्न मला पण पडला होता आणि मी लेखात टाळला, खरं सांगतो. पोप जाळतात तो आत्ताचा नाही, १६०५ चा, पाचवा पॉल. क्लिफवाले. ते म्हणतात हे आमच्या सतरा माणसांसाठी आहे, धर्माविरुद्ध नाही. पण फलकावर जे लिहिलंय ते लिहिलंय, तो वाचणाऱ्याने काय समजायचं. बहिणीची शेजारीण कॅथलिक आहे, पासष्टीची बाई, ती पाच तारखेला दरवर्षी मुलीकडे जाते. विचारलं तर म्हणाली धुराचा त्रास होतो. बहीण म्हणते खरंच दमा आहे तिला. मला माहीत नाही मी काय समजावं, मी दोन्ही ऐकून घेतलं.

सोंगांवरून पण वाद झालेत, तोंड काळं रंगवून आफ्रिकेतले झुलू होण्यावरून, काही वर्षांपूर्वी ते बरंचसं बंद झालं. म्हणजे बदलतच नाहीत असं नाही. पण बाहेरच्याने सांगितलेलं चालत नाही. ससेक्सचं म्हणणंच आहे 'वी वुंट बी ड्रुव्ह', म्हणजे आम्हाला हाकलत नेलेलं चालणार नाही. आमच्या आजीच्या भाषेत, 'सांगशील तर ऐकेन, हाकशील तर अडेन.'

यॉर्कवासी

थोडं वेगळ्या बाजूने. गाय फॉक्स आमच्या गावचा. यॉर्कला १५७० मधे त्याचा बाप्तिस्मा झाला, मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथीड्रलच्या अगदी शेजारच्या चर्चमधे. सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि ती शाळा पाच नोव्हेंबरला पुतळा जाळत नाही, माजी विद्यार्थी आहे म्हणे! मला ही त्या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे. फितूर असला तरी आपल्या वर्गातला.

अजून एक, बरेच लोक समजतात त्याला जाळून मारलं. नाही. जानेवारी १६०६ च्या शेवटी फाशीचं आणि मग तुकडे करायचं ठरलं होतं, तो फाशीच्या फळीवरून पडला किंवा उडी मारली आणि मान मोडून आधीच मेला, पुढचे हाल वाचले. आग त्याच्या नशिबी नंतर आली, ती दर वर्षी.

आणि खाण्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही?? यॉर्कशरात पाच तारखेला पार्किन लागतोच. ओटचं पीठ, काळी ट्रीकल आणि आल्याची पूड घातलेला चिकट केक. त्याच दिवशी खायचा नसतो, डब्यात बंद करून चार-पाच दिवस ठेवला की मऊ आणि ओलसर होतो. शिवाय ट्रीकल टॉफी, जी दाताचं फिलिंग काढते. आणि सालासकट भाजलेला बटाटा, तो शेकोटीत भाजतात असं पुस्तकात असतं, प्रत्यक्षात सगळे ओव्हनमधे भाजून फॉइलमधे गुंडाळून आणतात.

मोगरा_७

@यॉर्कवासी पार्किन मी पुण्यात केलाय!! भावाने रेसिपी पाठवली होती, ट्रीकल कुठे मिळणार इथे, मी कोल्हापूरची काकवी घातली आणि सुंठ. ओट्स मिक्सरमधून काढले. पहिल्या दिवशी वीट. मी टाकायलाच निघाले होते, सासूबाई म्हणाल्या राहू दे डब्यात, चार दिवसांनी उघडला तर काय मस्त लागला, नवरा म्हणाला गुळपापडीचा केक केलास का. वाईट नाही ना गुळपापडीचा केक? फक्त काकवी जरा कमी घाला, आमचा फार गोड झाला.

यॉर्कवासी

काकवी! सात वर्षं ट्रीकलला मराठी शब्द शोधतोय, स्वयंपाकघरातच होता.

फोंडेकार

वाचून खूप बरें वाटलें. आमच्या गोव्यात पुतळो जाळपाची रात म्हणजे नरकासुराची, चतुर्दशीची. तुम्ही सगळे विलायतेत कशाला जाता मला समजत नाही, हे काय कमी आहे? (मराठीत लिहितो आता, नाहीतर लोक म्हणतील दुसरा धागा काढ.)

महिना दीड महिना आधीपासून वाड्यावाड्यावरची पोरं बांबू, गवत, जुने कागद घेऊन शेडात बसतात. पंधरा-वीस फूट नरकासुर. मिशा, सुळे, डोळ्यात बल्ब, हल्ली मान फिरते, हात हलतात. रात्रभर मिरवायचा, स्पर्धा, म्युझिक इतकं की छातीत धडधडतं. आणि पहाटे उजाडायच्या आत जाळायचा, आत फटाके भरलेले असतात ते फुटतात. मग घरी येऊन तेल लावून न्हाण, तुळशीपुढे कारीट फोडायचं अंगठ्याने, आणि पोहे. पाच तऱ्हेचे तरी पाहिजेत, दुधातले, ताकातले, रसातले, गुळाचे, तिखट.

तेव्हा लुइसवाल्यांचं वाचून मला एवढंच वाटलं की यांना दुसऱ्या दिवशी पोहे नाहीत.

आमच्याकडे पण आता तक्रारी आहेत बरं का. म्युझिकचा आवाज, रस्त्यावर जळके खिळे आणि तारा पडतात, सकाळी दुचाकीवाल्यांची टायरं पंक्चर. माझा भाचा म्हणतो कृष्णापेक्षा नरकासुरच मोठा झाला. यात खोटं काही नाही, कृष्ण एवढासा करतात, कोपऱ्यात, शेवटच्या दिवशी, उरलेल्या रंगात.

आग्यावेताळ

'कृष्ण उरलेल्या रंगात' __/\__

सुमेधा_लेस्टर

छान चर्चा. माझ्याकडून प्रॅक्टिकल गोष्टी, कारण बऱ्याच जणांना भारतातून आल्यावर फटाक्यांचे नियम माहीत नसतात आणि मग शेजाऱ्यांशी वाजतं.

इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवता येत नाहीत. पाच नोव्हेंबरला बारापर्यंत चालतं. आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत! थर्टीफर्स्ट आणि चिनी नववर्षालासुद्धा एक. म्हणजे कायद्यात दिवाळीला गाय फॉक्सपेक्षा एक तास जास्त मिळालाय, हे मी माझ्या शेजारच्या आजोबांना दाखवलं तेव्हा ते हसले आणि मग म्हणाले 'पण प्लीज मंगळवारी नको'. दुकानात साधारण मध्य ऑक्टोबर ते दहा नोव्हेंबर फटाके मिळतात, शिवाय दिवाळीच्या आधी तीन दिवस. अठरा वर्षांखालच्यांना विकत नाहीत, फुलबाजी पण नाही. रस्त्यावर वाजवायला बंदी आहे, आपल्यासारखं गेटबाहेर माळ लावायची नाही, स्वतःच्या अंगणातच.

फुलबाजीवरून आठवलं, इथे शाळेतून पत्र येतं की मुलांना फुलबाजी देताना हातमोजा घाला आणि विझली की लगेच पाण्याच्या बादलीत टाका. मी आधी हसले होते. आपण लहानपणी विझलेल्या तारा अंगणात टाकायचो आणि मग कुणीतरी अनवाणी त्यावर पाय द्यायचंच, दरवर्षी, आमच्याकडे तो मान माझ्या काकाचा. आता मी पण बादली ठेवते.

आणि अंगणात पालापाचोळ्याची शेकोटी रचली असेल तर पेटवायच्या आधी काठीने हलवून बघा, खाली हेजहॉग, म्हणजे साळिंदराचा लहान भाऊ दिसतो तसा प्राणी, थंडीत झोपायला शिरलेला असतो.

दिवाळी आणि बॉनफायर जवळजवळ आले की आमच्या बेलग्रेव्ह रोडच्या बाजूला पंधरा दिवस आवाज संपत नाही. कुत्र्यांचे फार हाल होतात. आमची कुत्री बाथरूममधे टबात जाऊन बसते.

डेव्हनकर

सुमेधाताईंना अनुमोदन. जाता जाता, कुणाला आग नको पण उजेड हवा असेल तर सॉमरसेटमधे ब्रिजवॉटरचा कार्निव्हल बघा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला शनिवारी असतो. त्याचं मूळ पण त्याच १६०५ मधे. ट्रॅक्टरने ओढलेले लांबच लांब देखावे, एकेकावर हजारो बल्ब. आणि सगळं संपल्यावर रस्त्यात माणसं ओळीने उभी राहून लांब काठ्यांना लावलेले भुईनळे डोक्यावर धरतात, त्याला स्क्विबिंग म्हणतात. ठिणग्यांचा पाऊस अक्षरशः त्यांच्याच अंगावर. लहान मुलं असतील तर लुइस-ऑटरीपेक्षा हे बरं.

मोगरा_७

माझ्या भावाकडे पुढच्या वर्षी जाणार आहोत, ब्रायटनलाच राहतो तो. मुलगी चार वर्षांची. लुइसला नेऊ का नको? खरं सांगा.

सड्यावरचा

@मोगरा, चार वर्षांच्या मुलीला नको. मी खांद्यावर पोरं घेतलेले गावकरी बघितले, पण त्यांना कुठल्या गल्लीतून सटकायचं ते माहीत असतं. ठिणग्या उडतात, आवाज फार, आणि गर्दीत एकदा अडकलात की तासभर हलता येत नाही. शिवाय परतायला गाडी नाही, तेरा किलोमीटर मुलीला कडेवर घेऊन चालणार का?

त्याऐवजी एक करा. ससेक्समधे लुइससारख्याच सोसायट्या बऱ्याच गावांत आहेत, आणि त्या सगळ्या पाच तारखेला करत नाहीत, कारण पाच तारखेला सगळे लुइसला. सप्टेंबरपासून नोव्हेंबरभर दर शनिवारी कुठे ना कुठे मिरवणूक असते, लुइसवाले पण आपापले जर्सी घालून तिथे चालायला जातात. त्यातलं एखादं छोटं गाव बघा. मशाली त्याच, बँड तेच, आणि गर्दी श्वास घेण्याइतकी. बहीण म्हणते तिला स्वतःला तेच जास्त आवडतं, पण हे नवऱ्यासमोर बोलत नाही. तिथे मिरवणुकीत बादल्या फिरवतात त्यात नाणी टाका, त्यावर सगळं चालतं.

मोठ्यांपैकी कुणी लुइसला गेलंच तर: लोकरीचं किंवा जाड सुती घाला. कानात बोळे. डोळ्यांना साधा चष्मा तरी असू द्या. छत्री आणू नका, आपले फटाके तर मुळीच आणू नका. मशालवाल्यांना ओलांडून रस्ता क्रॉस करायचा नाही, मी केला, एका आजीने कोपर धरून मागे ओढलं आणि काहीतरी म्हणाली, शब्द कळले नाहीत पण टोन ओळखीचा होता.

चहाटळ

लोकरीचं का? सिंथेटिकला काय झालं?

सड्यावरचा

विचारलंतच. पुण्याहून निघताना खास या ट्रिपसाठी पॉलिस्टरचं जॅकेट घेतलं, हलकं, घडी करून खिशात मावतं वगैरे. बहिणीने जायच्या आधी तिच्या नवऱ्याचा जुना लोकरी कोट पुढे केला, म्हणाली दादा हा घाल. मी म्हटलं छे, मला कशाला, तो मला गुडघ्यापर्यंत येतो. तो लोखंडी गाडा गेला ना, त्यातून एक ठिणगी उडाली आणि बाहीवर बसली. मला कळलंच नाही. शेजारच्या माणसाने हाताने फटका मारून विझवली. घरी येऊन बघतो तर रुपयाएवढं भोक, कडा वितळून कडक झालेल्या, आणि आतलं अस्तर पण गेलेलं. हातावर छोटा चट्टा, तो आता दिसत पण नाही.

मोगरा_७

अरे देवा. मग जॅकेटचं काय केलंत? टाकलं?

सड्यावरचा

टाकणार होतो. आईने ठिगळ लावून दिलं, भाच्याच्या शाळेच्या गणवेशाचं कापड उरलं होतं त्याचं, निळ्या चौकड्यांचं. राखाडी जॅकेटवर लांबून दिसतं. तीनदा धुतलं तरी धुराचा वास काही जात नाही, आता आई म्हणते ते बाकीच्या कपड्यांत ठेवू नकोस, तर दाराच्या मागे खुंटीला लटकवून ठेवलंय.